संथ चित्रपटातील मुख्य भूमिका कशी पाहावी : ‘इकिरू’च्या निमित्ताने नवख्या प्रेक्षकांसाठी

परभणीत आम्ही सात-आठ जण महिन्यातून एकदा एकत्र बसून जुने चित्रपट पाहतो. कोणी नवा माणूस आला की पहिल्या पाऊण तासात त्याची एक तक्रार हमखास ऐकू येते, ती म्हणजे “पिक्चर पुढं सरकंना झालाय.” ही तक्रार खोटी नसते. यात्रेतल्या तंबूपासून मोबाइलपर्यंत आपण जे पाहत आलो, त्यात पुढे काय होणार हीच ओढ असते. त्यामुळे जिथे घटना थोड्या आणि माणूस जास्त असतो, तिथे नेमके कुठे पाहायचे हे आपल्याला कोणी सांगितलेले नसते. अशा चित्रपटाचा सगळा भार बहुधा एकाच नटाच्या अंगावर असतो आणि त्याचे काम पाहता येऊ लागले की संथपणाचा त्रास बराच कमी होतो. ते कसे पाहावे हे पायरीपायरीने सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

उदाहरणासाठी मी अकिरा कुरोसावा यांचा ‘इकिरू’ हा १९५२ सालचा जपानी चित्रपट निवडला आहे. ‘इकिरू’ म्हणजे जगणे. लांबी १४३ मिनिटे, चित्र कृष्णधवल. कांजी वातानाबे नावाचा महापालिकेतील एक विभागप्रमुख तीस वर्षे कागदांवर शिक्के मारत आलेला आहे. त्याला पोटाचा कर्करोग झाल्याचे कळते आणि उरलेल्या दिवसांत तो एका वस्तीतील सांडपाण्याच्या डबक्याच्या जागी मुलांसाठी बाग उभी करतो. कथा एवढीच आहे. ती आधीच सांगून टाकल्याबद्दल कोणी रागावू नये, कारण चित्रपटाची सुरुवातच वातानाबेच्या पोटाच्या क्ष-किरण चित्राने होते आणि निवेदक त्याच क्षणी सांगतो की या माणसाला अजून स्वतःचा आजार ठाऊक नाही. रहस्य राखण्यात दिग्दर्शकालाच रस नसेल, तर आपण तरी ते का राखावे?

वातानाबेचे काम ताकाशी शिमुरा यांनी केले आहे. त्यांचा जन्म १९०५ सालचा, म्हणजे चित्रीकरणाच्या वेळी त्यांचे वय सत्तेचाळीसच्या आसपास होते. पडद्यावर मात्र निवृत्तीला टेकलेला, आतून वाळत चाललेला माणूस दिसतो. कुरोसावांच्या तीस चित्रपटांपैकी एकवीस चित्रपटांत ते आहेत, पण चित्रपटाचा पूर्ण भार एकट्या त्यांच्यावर आहे असा हा एक.

मराठवाड्यातल्या प्रेक्षकाला हा चित्रपट परका वाटण्याचे कारण नाही. तो आला तेव्हा आपला भाग हैदराबाद राज्यात होता. सरकार बदलले, राज्य बदलले, तरी फेरफाराच्या नोंदीसाठी घातलेल्या चकरा ज्याच्या पायाला ठाऊक आहेत, त्याला वातानाबेचे कार्यालय पाहताक्षणी ओळखीचे वाटते. वस्तीतल्या बायका डबक्याची तक्रार घेऊन येतात, त्यांना या विभागातून त्या विभागात धाडले जाते आणि सगळी खाती पालथी घालून झाल्यावर त्या पुन्हा पहिल्याच खिडकीशी येऊन पोहोचतात. आमच्याकडे हा प्रसंग सुरू असताना एक निवृत्त अव्वल कारकून मान खाली घालून हसत होते.

चित्रपट लावण्यापूर्वी

पहिली गोष्ट, कूलर बंद करता येईल अशी वेळ निवडा. ही सूचना विनोदी वाटेल, पण एप्रिल-मे महिन्यांत परभणी-नांदेडकडे कूलरशिवाय बसणे अशक्य असते आणि कूलरच्या घरघरीत या चित्रपटातील सर्वांत महत्त्वाची शांतता बुडून जाते. एका उन्हाळ्यात आम्ही तो असाच पाहिला आणि वातानाबे दवाखान्यातून रस्त्यावर येतो त्या प्रसंगात काय घडले, हे आमच्यापैकी एकालाही कळले नाही. दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. उन्हाळ्यातच पाहायचे असेल, तर एकट्याने इअरफोन लावून पाहावे.

दुसरी गोष्ट चौकटीची. हा चित्रपट जवळजवळ चौकोनी चौकटीत चित्रित झालेला आहे, म्हणून रुंद टीव्हीवर डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या दिसणारच. त्या घालवण्यासाठी चित्र ताणले की शिमुरांचा वाळलेला चेहरा खातापिता दिसू लागतो आणि झूम केले तर वरचे कपाळ व खालचे हात कापले जातात. या भूमिकेत हातांना फार काम आहे. नव्या टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारी एक सोय असते, तीही बंद करावी. वेग दीडपट करून पाहण्याची सवय असलेल्यांना एवढेच सांगतो की वातानाबे प्रश्न ऐकल्यापासून उत्तर देईपर्यंत जो वेळ घेतो, तोच येथे अभिनय आहे. तो वेळ कापून पाहणे म्हणजे ऊस टाकून चोथा घरी आणण्यासारखे आहे.

सबटायटल बहुधा इंग्रजीत मिळतात. ती झरझर वाचता येत नसतील, तर पहिली वीस मिनिटे दोनदा पाहावीत, एकदा वाचण्यासाठी आणि एकदा चेहऱ्यांसाठी. वातानाबे स्वतः फार कमी बोलतो, त्यामुळे त्याच्यापुरती ही अडचण लवकर संपते. गटाने पाहणार असाल, तर वेळेचा हिशेब आधी करा : जवळपास अडीच तासांचा चित्रपट रात्री आठला लावला की गावाकडून आलेल्यांची शेवटची एसटी चुकते आणि शेवट न पाहताच उठलेल्या माणसाने हा चित्रपट पाहिला असे म्हणता येत नाही.

पहिली पायरी : माणसाची रोजची चाल टिपून ठेवा

हीच पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि नवा प्रेक्षक नेमकी हीच ओलांडून पुढे जातो, कारण सुरुवातीच्या भागात लक्ष देण्यासारखे काही चालले आहे असे त्याला वाटत नाही. विहिरीचे पाणी किती खाली गेले हे सांगायला ते आधी कोणत्या पायरीपर्यंत होते हे पाहिलेले असावे लागते. वातानाबे आजार कळण्यापूर्वी कसा बसतो, कसा उठतो, किती बोलतो, कोणाकडे पाहतो, हे मनात पक्के झाले नाही, तर पुढे त्याच्यात पडणारा फरक डोळ्यांसमोर घडूनही दिसत नाही.

म्हणून पहिल्या काही प्रसंगांत कथेची चिंता सोडा आणि चार गोष्टी पाहा. एक, पाठ : ती खुर्चीत असतानाही वाकलेली आहे आणि मान त्या वाकण्याच्या पुढे लोंबल्यासारखी आहे. दोन, हात : शिक्का उचलणे, टेकवणे, कागद सरकवणे ही कामे डोळे न लावता चालू आहेत. याच ठिकाणी एक छोटा प्रसंग आहे. वातानाबेला शिक्का पुसायचा असतो, म्हणून तो खण उघडून एक जुना कागदांचा गठ्ठा काढतो आणि वरचे पान फाडून शिक्का पुसतो. तो गठ्ठा म्हणजे कार्यालयाचा कारभार सुधारण्यासाठी त्यानेच पूर्वी कधीतरी लिहिलेला प्रस्ताव असतो. येथे शिमुरांच्या चेहऱ्यावर काहीही उमटत नाही. खंत नाही, आठवण नाही, थबकणेही नाही. नवखा नट या जागी डोळ्यांत काहीतरी आणण्याचा मोह टाळू शकला नसता. शिमुरांनी तो टाळला आहे आणि म्हणूनच पुढे त्याच चेहऱ्यावर काही उमटू लागते तेव्हा त्याची किंमत कळते. तीन, आवाज : घशातल्या घशात राहणारा, वाक्य पूर्ण होण्यापूर्वीच विझणारा. चार, डोळे : समोरच्या माणसाच्या थोडे पलीकडे लागलेले.

या चार गोष्टी कागदावर लिहून ठेवल्या तरी हरकत नाही. मी पहिल्यांदा लिहिल्या नव्हत्या आणि मला चित्रपट दोनदा पाहावा लागला.

दुसरी पायरी : न बोललेले ऐका

दवाखान्यात वातानाबेच्या शेजारी एक बोलघेवडा रुग्ण येऊन बसतो. कर्करोग असेल तर डॉक्टर काय काय बोलतील हे तो आपणहून सांगत सुटतो : सौम्य अल्सर आहे म्हणतील, हवे ते खा म्हणतील. या प्रसंगात बोलतो तो रुग्ण, आणि पाहायचे ते वातानाबेकडे. तो विरोध करत नाही, प्रश्न विचारत नाही. एकेक लक्षण ऐकत अंग आक्रसून त्या माणसापासून दूर सरकत राहतो. ऐकणे हा अभिनयाचा सर्वांत अवघड भाग असतो हे नाटकात काम केलेल्या कोणालाही विचारा. नंतर डॉक्टर अगदी तेच शब्द उच्चारतात, तेव्हा निकाल त्या शब्दांतून कळत नाही, कारण तो वातानाबेच्या चेहऱ्यावर आधीच लागलेला असतो.

त्यानंतर तो रस्त्यावर येतो आणि चित्रपटातील आवाज पूर्ण थांबतो. वाहने दिसतात, माणसे दिसतात, ऐकू काहीच येत नाही. मग एक ट्रक अंगावर आल्यासारखा धडाडत जातो आणि सगळा आवाज एकदम परत येतो. आपण एका खचलेल्या माणसाच्या कानांनी ऐकत होतो, हे त्या ट्रकमुळे कळते. कूलरची सूचना याच प्रसंगासाठी होती.

घरचा प्रसंग याहून सावकाश आहे. मुलगा आणि सून बाहेरून हसतखेळत येतात, वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांतून नवे घर घेण्याच्या गोष्टी करतात आणि मग त्यांना दिसते की वडील अंधारात तिथेच बसलेले आहेत. पुढे जुन्या आठवणी येतात : बायकोची अंत्ययात्रा, मुलाचा बेसबॉलचा सामना, त्याचे आजारपण, त्याचे सैन्यात जाणे. सामन्याच्या आठवणीत मुलगा चांगला खेळताना वातानाबे अभिमानाने उठून उभा राहतो आणि तोच मुलगा बाद झाल्यावर ओशाळून खाली बसतो. या एका उठण्याबसण्यात बाप आणि मुलगा यांचा सगळा हिशेब येतो. रात्री तो पांघरुणात तोंड खुपसून रडतो; भिंतीवर पंचवीस वर्षांच्या सेवेबद्दल मिळालेले मानपत्र टांगलेले असते. या जागी मानपत्र पाहायचे की पांघरूण हा प्रश्न मला नेहमी पडतो. दोन्ही एका नजरेत येत नाहीत.

तिसरी पायरी : समोरच्यांचे चेहरे पाहा

प्रमुख नटाचे काम तोलण्याचा एक सोपा मार्ग म्हणजे त्याच्यासमोरच्या माणसांवर त्याचा काय परिणाम होतो ते पाहणे. ओळख झालेल्या एका कादंबरीकाराबरोबर रात्री मौजमजा करायला निघालेला वातानाबे एका बारमध्ये १९१५ सालचे एक जुने प्रेमगीत गाऊ लागतो. तो ओठ फारसे हलवत नाही, सूर धड लागत नाही, डोळ्यांतून पाणी वाहत असते. हळूहळू नाचणारे थांबतात आणि आजूबाजूची माणसे त्याच्यापासून थोडी मागे सरकतात. त्यांच्या त्या मागे सरकण्यातून आपल्याला कळते की हे गाणे करमणुकीचे उरलेले नाही.

तोयो या तरुण सहकारी मुलीबरोबरच्या प्रसंगांतही हेच करून पाहावे. ती कार्यालयातली नोकरी सोडून खेळण्यांच्या कारखान्यात जाते. सगळ्यांना टोपणनावे ठेवण्याची तिला खोड आहे आणि वातानाबेला तिने ‘ममी’, म्हणजे जपून ठेवलेले प्रेत, हे नाव ठेवलेले आहे. सुरुवातीला ती त्याच्यासोबत खदखदून हसते, भरपूर खाते. पुढे तिला त्याची भीती वाटू लागते. वातानाबे तर तिच्याशी शेवटपर्यंत सौजन्यानेच वागतो. मग ती घाबरते कशाला? उत्तर शिमुरांच्या पुढे झुकलेल्या मानेत आणि न मिटणाऱ्या डोळ्यांत आहे.

येथे माझे मत नोंदवतो. काही ठिकाणी शिमुरांचे डोळे गरजेपेक्षा जास्त विस्फारलेले वाटतात आणि उपाहारगृहातील शेवटच्या संभाषणात तर त्यांचा चेहरा रंगमंचावरच्या मुखवट्याच्या जवळ जातो. आमच्यातील दोघांना तोच भाग सर्वांत भेदक वाटतो. नवख्याने आमच्यापैकी कोणाचेही मानू नये. मात्र त्याच प्रसंगाचा शेवट नीट पाहावा : आपल्याला अजून काहीतरी करता येईल हे सुचल्यावर वातानाबे खेळण्यातला ससा हातात घेऊन जिना उतरतो आणि त्याच वेळी समोरच्या मुली वर येणाऱ्या आपल्या मैत्रिणीसाठी वाढदिवसाचे गाणे गाऊ लागतात. गाणे तिच्यासाठी असते, पण पडद्यावर जिना उतरणारा माणूस असतो.

या दोन प्रसंगांच्या दरम्यान कोठे कंटाळा आला, विशेषतः कादंबरीकाराबरोबरच्या रात्रीच्या भटकंतीत, तर तो खुशाल येऊ द्यावा. तो भाग मलाही लांबलेला वाटतो. चित्रपट थांबवून चहा करायचा असेल, तर तो सशाच्या प्रसंगानंतर करा. त्याच्या अलीकडे नको.

चौथी पायरी : नट निघून गेल्यावर काय उरते

यानंतर चित्रपट नवख्याला सर्वांत मोठा धक्का देतो. वातानाबे पुन्हा कार्यालयात जातो, कामाला लागतो आणि निवेदक सांगतो की पाच महिन्यांनी तो मरण पावला. चित्रपटाचा जवळपास एक तृतीयांश भाग अजून शिल्लक असतो आणि मुख्य माणूस आता केवळ फोटोत असतो.

उरलेला भाग त्याच्या घरी, मृताच्या फोटोसमोर जमलेल्या माणसांत घडतो. तेरवीला बसलेली मंडळी मृताबद्दल कशी बोलतात हे आपल्याला ठाऊक आहे : आधी सावधपणे, मग मोकळेपणाने, मग ज्याला त्याला आपलाच आठवलेला माणूस खरा वाटू लागतो. येथेही तसेच होते. उपमहापौर बागेचे श्रेय स्वतःकडे घेऊन निघून जातो. वस्तीतल्या बायका येतात, काही न बोलता फोटोसमोर रडतात आणि त्यांच्या रडण्याने खोलीतल्या साहेबमंडळींची बोलतीच बंद होते. मग सहकारी दारू पीत एकेक आठवण काढतात आणि त्या आठवणींच्या तुकड्यांतून वातानाबे आपल्याला पुन्हा दिसतो.

पहिल्या पायरीवर टिपून ठेवलेल्या चार गोष्टी आता बाहेर काढा. पाठ तशीच वाकलेली आहे, आवाज तसाच घशात अडकलेला आहे. शिमुरांनी या माणसाला ताठ केलेले नाही, त्याला भाषण दिलेले नाही. पण कार्यालयात जी पाठ हार मानल्यासारखी दिसत होती, तीच आता उपमहापौरासमोर वाकते आणि वाकलेली राहून तिथून हटत नाही. जो माणूस समोरच्याच्या पलीकडे पाहत होता, तो आता समोरच्याकडेच पाहत राहतो, इतका वेळ की अधिकारी अस्वस्थ होतात. गुंड गचांडी धरून जिवाची पर्वा नाही का असे विचारतात, तेव्हा तो केवळ मंद हसतो. वेदनेने भिंतीला धरत तो सरकारी कार्यालयाच्या बोळातून चालतो. एका संध्याकाळी मावळते आकाश पाहून थबकतो, किती सुंदर आहे म्हणतो आणि लगेच आपल्याला वेळ नाही म्हणून पुढे निघतो. अंग तेच, सवयी त्याच, आणि अर्थ पूर्ण फिरलेला : या भूमिकेची ताकद मला येथे दिसते. ज्याने सुरुवातीची वीस मिनिटे डुलकीत घालवली, त्याला या भागात फक्त एक भला म्हातारा दिसतो.

बर्फातल्या झोपाळ्याचा प्रसंग प्रसिद्ध आहे. तो येणार म्हणून वाट पाहत बसू नका, कारण पडद्यावर तो फार थोडा वेळ टिकतो. वातानाबे त्याने उभ्या केलेल्या बागेत, पडत्या बर्फात, झोपाळ्यावर बसून तेच जुने गाणे गातो. बारमधले गाणे आणि हे गाणे यांतला फरक कानाने पकडावा; शब्द तेच आहेत.

पाहून झाल्यावर

लगेच चर्चा सुरू करू नये, आणि सुरू केलीच तर आवडला का, असे विचारू नये. त्याऐवजी उत्तर पडद्यावरच सापडेल असे प्रश्न विचारावेत : वातानाबे मनापासून पहिल्यांदा कधी हसतो? त्याची जुनी टोपी जाऊन नवी कधी येते आणि शेवटी ती टोपी कोण आणून देतो? त्याच्या खुर्चीवर नंतर बसणारा माणूस कसा वागतो? सगळे पुन्हा पूर्वीसारखे होते तेव्हा किमुरा हा तरुण सहकारी उभा राहतो आणि परत खाली बसून कागदांच्या ढिगाऱ्याआड दिसेनासा होतो. त्या बसण्यात वातानाबेची कोणती सवय दिसते? शेवटच्या प्रश्नावर आमच्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजले होते.

दुसऱ्यांदा पाहायचे असेल, तर महिनाभराने पाहावे आणि तेव्हा सबटायटल बंद ठेवून केवळ पहिली वीस मिनिटे व तेरवीचा भाग पाहिला तरी पुरे.

याच वाटेवर पुढे

मराठीत हीच पद्धत वापरून पाहायची असेल, तर डॉ. जब्बार पटेल यांचा १९८२ सालचा ‘उंबरठा’ घ्यावा. त्यात स्मिता पाटील यांची सुलभा घर सोडून महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून कामावर जाते. घरातली सुलभा कशी बसते आणि सुधारगृहातली कशी उभी राहते, एवढी एकच गोष्ट शेवटपर्यंत धरून ठेवली तरी चित्रपट निराळा दिसू लागतो. भाषेचा अडसर नसल्यामुळे येथे डोळे पूर्ण मोकळे राहतात. काही नवख्यांना मी आधी हाच पाहायला सांगतो.

आणि शिमुरा किती मोठे नट होते हे तपासायचे असेल, तर कुरोसावांचाच १९५४ सालचा ‘सेव्हन सामुराई’ पाहावा. त्याची लांबी २०७ मिनिटे आहे, पण तो संथ नाही. त्यात ते कांबेई या अनुभवी सामुराईच्या भूमिकेत आहेत. ओलीस धरलेल्या एका लहान मुलाला सोडवण्यासाठी तो भिक्षूचे सोंग घेतो, त्यासाठी डोके भादरून घेतो आणि त्यानंतर चित्रपटभर विचार करताना स्वतःच्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवत राहतो. दोन्ही चित्रपटांत दीड-दोन वर्षांचेच अंतर आहे. वातानाबे पाहून आठवडा होण्याच्या आत कांबेई पाहा आणि पहिल्या काही प्रसंगांत फक्त त्याच्या पाठीकडे लक्ष ठेवा. आमच्यातल्या एकाने अर्धा चित्रपट झाल्यावर विचारले होते की ‘इकिरू’मधले ते म्हातारे यात केव्हा येणार आहेत.